खोली द्या, पण पुंजी देऊ नका

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"मी ६२ वर्षांची, निवृत्त शिक्षिका. गुहागर तालुक्यातल्या गावात आमचं जुनं घर आहे. दीड वर्षापूर्वी यजमान गेले. मुलगा-सून पुण्याला, इथे मी एकटीच. मुलगा म्हणतो, 'आता शेअरिंगचा जमाना आहे आई, पडून आहे ते कामाला लाव.' पडवीकडच्या दोन खोल्या एअरबीएनबीवर टाकायच्या, यजमानांची गाडी दारात उभी आहे ती अ‍ॅपवरून भाड्याने द्यायची, आणि पुढच्या महिन्यात माझी १२ लाखांची मुदत ठेव सुटते आहे ती एका पीअर टू पीअर अ‍ॅपमध्ये ठेवायची, असं त्याचं म्हणणं. एजंटाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंय, 'खात्रीचे १२ टक्के, केव्हाही काढा.' नणंद म्हणते, परकी माणसं घरात घेऊन खाणावळ उघडणार का? मला दोघांचंही थोडं थोडं पटतं, म्हणून जीव टांगणीला लागलाय. काय करू?"

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमची ठेव पुढच्या महिन्यात सुटते आहे, म्हणून पैशांचं आधी बोलते. बाकीचं महिनाभर थांबलं तरी चालेल. ते १२ लाख त्या अ‍ॅपमध्ये ठेवू नका.

मुलाने वाईट हेतूने सांगितलेलं नाही, हे मला कळतं. पण त्याने ज्याला 'ठेवणं' म्हटलंय ते ठेवणं नाहीच. बँकेत ठेव ठेवली की तुमचे पैसे बँकेकडे असतात आणि ते परत द्यायची जबाबदारी बँकेची असते. बँक बुडाली तरी ५ लाखांपर्यंत ठेवीला विमा असतो. पीअर टू पीअरमध्ये तुम्ही ठेवीदार नसता, उसने देणाऱ्या असता. तुमचे पैसे कुणा अनोळखी माणसाला कर्ज म्हणून जातात. अ‍ॅप फक्त गाठ घालून देतं, वसुलीला मदत करतं आणि आपली फी घेतं. त्या माणसाने हप्ता थकवला तर नुकसान तुमचं. अ‍ॅपचं नाही, एजंटाचं तर नाहीच नाही.

हा धंदा बेकायदा नाही. रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये त्याचे नियम केले आणि नोंदणी सक्तीची केली. पण ते नियम वाचले की कळतं, रिझर्व्ह बँकेलाच यात किती जोखीम दिसते. एका माणसाने एका कर्जदाराला सगळ्या अ‍ॅपवर मिळून ५० हजारांहून जास्त द्यायचे नाहीत. कर्ज ३६ महिन्यांहून लांबीचं नको. आणि कुणाला एकूण १० लाखांवर रक्कम गुंतवायची असेल, तर आपली मालमत्ता निदान ५० लाखांची आहे असा सीएचा दाखला लागतो. तुमची रक्कम १२ लाख आहे. एजंटाने या दाखल्याचा शब्द तरी काढला का? तुमच्या पत्रात तसं काही नाही.

त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. १६ ऑगस्ट २०२४ ला रिझर्व्ह बँकेने हेच नियम आणखी कडक केले. मुदतीप्रमाणे ठरलेला परतावा, किमान खात्रीचं व्याज, हवे तेव्हा पैसे काढायची सोय, अशी जाहिरात करून हे गुंतवणूक म्हणून विकायचं नाही, असं त्यात स्पष्ट सांगितलंय. आता तुम्हाला आलेला तो निरोप पुन्हा वाचा. 'खात्रीचे' आणि 'केव्हाही काढा'. जे दोन शब्द वापरायला बंदी आहे, नेमक्या त्याच दोन शब्दांवर तो माणूस तुमच्याकडून १२ लाख मागतोय. मी असते तर यापुढे त्याचं काहीही ऐकलं नसतं.

तरी हिशेब करून पाहू, कारण मुलगा हिशेबच विचारेल. ज्येष्ठ नागरिक बचत योजना तुम्हाला पोस्टात किंवा बँकेत उघडता येते. मर्यादा ३० लाखांची, मुदत ५ वर्षांची, व्याज दर तीन महिन्यांनी खात्यात. दर सरकार तिमाहीला जाहीर करतं आणि खातं उघडताना जो असेल तो पुढे मुदतभर तुम्हाला मिळतो. २०२३ च्या एप्रिलपासून हा दर ८.२ टक्क्यांवर राहिलाय. जाताना आजचा दर विचारा. ८.२ धरला तर १२ लाखांवर वर्षाला ९८,४०० रुपये. अ‍ॅपचे १२ टक्के अगदी शब्दशः मिळाले तर १,४४,०००. फरक ४५,६०० चा, म्हणजे महिन्याला ३,८००. एका कर्जदाराला ५० हजारांची मर्यादा धरली तर तुमचे १२ लाख निदान २४ जणांकडे जाणार. त्यातल्या दोघांनी हात वर केले की लाख रुपये गेले. दोन वर्षांत जास्तीचं जे मिळवलं असतं ते सगळं जाऊन वर घरचे द्यावे लागतील. आणि चोविसातले दोनच बुडवतील असं कुणी सांगावं?

मी सातारा जिल्ह्यात बँकेत नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं ठेवींच्या खिडकीवर. एक निवृत्त एसटी कंडक्टर दर महिन्याला पासबुक भरायला यायचे. एकदा आले ते पासबुक न काढता खिशातून चौपदरी कागद काढला. बाहेरच्या कुठल्याशा योजनेची पावती होती. घडीवर घडी पडून मधली अक्षरं पुसली होती. "मॅडम, यावर लिहिलंय तसे देतील ना?" मी वाचलं. देऊ, असं त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. 'अपेक्षित' असं लिहिलं होतं. तो शब्द त्यांना कुणी वाचून दाखवलाच नव्हता. ताई, तुम्ही शिक्षिका आहात. त्या अ‍ॅपच्या अटी तुम्ही स्वतः बसून वाचा आणि 'अपेक्षित' कुठे लिहिलंय ते शोधा.

आणखी एक. ही कल्पना ज्यांनी जगात पहिल्यांदा आणली त्यांनीच ती सोडली. इंग्लंडमध्ये २००५ साली झोपा नावाच्या कंपनीपासून हे सुरू झालं. ती पुढे बँक झाली आणि २०२१ मध्ये तिने हा धंदा बंद केला. अमेरिकेतल्या लेंडिंग क्लबनेही २०२० च्या अखेरीस सामान्य लोकांकडून असे पैसे घेणं थांबवलं. मुलाला अगदीच करून पाहायचं असेल तर त्याने स्वतःच्या पगारातले, गेले तरी चालतील एवढे पैसे घालावेत, आणि तेही रिझर्व्ह बँकेच्या यादीत त्या कंपनीचं नाव पाहून. तुमच्या म्हातारपणाची पुंजी त्यासाठी नाही.

ठेव सुटली की बचत योजनेचं खातं उघडताना वारसदाराचं नाव नक्की घाला. सगळे १२ एकदम अडकवू नका. दीड-दोन लाख साध्या ठेवीत हाताशी राहू द्या. कोकणात पावसाळ्यात एकदा कौलं उडाली की पैसा लगेच लागतो, हे मी तुम्हाला काय सांगणार.

गाडीचं उत्तर दोन ओळींत देता येईल. देऊ नका. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने चालवता येत नाही. स्वतः चालवायला भाड्याने देतात त्या गाड्यांची पाटी काळी असते आणि अक्षरं पिवळी. खासगी गाडीच्या विमा पॉलिसीतच लिहिलेलं असतं की भाड्यासाठी वापर चालणार नाही. म्हणजे चालवणाऱ्याने कुणाला धडक दिली तर भरपाईचा तगादा मालकाच्या दारात येऊ शकतो. आणि मालक कोण? माझा अंदाज, गाडी अजून यजमानांच्याच नावावर असेल. ते आधी करा. आरटीओत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर होते. विम्याच्या कंपनीलाही कळवा. मग विकायची की ठेवायची ते ठरवा. उभी गाडी दर महिन्याला थोडी थोडी मरते, आणि गुहागरातून चिपळूणला दवाखान्यात जायला गाडी लागतेच. गावातला एखादा विश्वासू मुलगा आठवड्यातून एकदा चालवायला ठेवलात तर तेच बरं.

मुलगा पुण्याहून येता-जाता ब्लाब्लाकारवरून सोबती घेऊन पेट्रोल वाटून घेणार असेल, तर ती निराळी गोष्ट. तिथे खर्च वाटायचा असतो, कमाई करायची नसते. फक्त महाराष्ट्रात खासगी गाडीतल्या अशा प्रवासाचे नियम पुन्हा पुन्हा बदललेत. २०२३ च्या जानेवारीत तर बंदीचा निर्णय झाला होता. तेव्हा आज काय चालतं ते त्याने आरटीओत विचारून घ्यावं.

आता खोल्यांकडे येते. इथे माझं उत्तर 'हो' आहे, आणि मनापासून आहे.

मुलगा 'शेअरिंग' म्हणतो, त्या शब्दाने मात्र फसू नका. वाटून घेणं आपल्याला नवीन नाही. शेतात सावड असते. तुझा एक बैल, माझा एक बैल, आज तुझं रान, उद्या माझं. त्यात पैसा नसतो, पाळी असते. आणि बैल लंगडला तर दुसऱ्या दिवशी त्याच शेजाऱ्याला तोंड दाखवायचं असतं, म्हणून दोघंही जपून वागतात. अ‍ॅपवरचा पाहुणा सकाळी निघून जातो, पुन्हा कधी भेटत नाही. ती सावड नाही, तो व्यवहार आहे. व्यवहार म्हणून केलात, बिघडलं तर भरून कोण देणार हे आधी ठरवून केलात, तर त्यात कमीपणा काहीच नाही.

नणंदबाईंना सांगा, हे काही अमेरिकेने शिकवलेलं नाही. 'घरगुती राहण्या-जेवणाची सोय' अशा पाट्या गुहागर, मुरुड, आंजर्ले, दिवेआगर इथे घरांच्या फाटकांवर अ‍ॅप येण्याआधीपासून आहेत. एअरबीएनबी सुरू झाली तीही अशीच. २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये दोन मित्रांना घरभाडं जड जात होतं. शहरात मोठी परिषद होती, हॉटेलं भरलेली. त्यांनी बैठकीच्या खोलीत हवेच्या गाद्या टाकल्या, सकाळची न्याहारी देऊ म्हणाले आणि तिघे पाहुणे आले. पुढे पैसेवाल्यांनी अख्खे फ्लॅट घेऊन त्यांची लॉज केली, तेव्हा शहरं वैतागली. न्यूयॉर्कमध्ये २०२३ च्या सप्टेंबरपासून नियम आहे, ३० दिवसांहून कमी मुक्काम असेल तर यजमान स्वतः त्या घरात राहत असला पाहिजे आणि पाहुणे दोनांहून जास्त नकोत. म्हणजे तुम्ही जसं करणार आहात, स्वतः घरात राहून, तसं. हीच या धंद्यातली सगळ्यात सरळ तऱ्हा आहे असं मला वाटतं.

तरी नणंदबाईंची भीती उडवून लावू नका. बाई एकटी आहे हे पाहून येणारी माणसंही असतात. म्हणून सुरुवातीला दोन नको, एकच खोली द्या. कुटुंबांनाच द्यायची, हे वर्णनात आधीच लिहा. आपोआप बुकिंग होण्याची सोय बंद ठेवा म्हणजे आधी विचारणा येईल. त्या माणसाबद्दल इतर यजमानांनी काय लिहिलंय ते वाचा, दोन प्रश्न विचारा, मग हो म्हणा. मन कचरलं तर नाही म्हणा. एका बुकिंगने काही अडत नाही. पडवी आणि माजघर यांच्यामधल्या दाराला आतून नवी कडी बसवून घ्या. पाहुणे असतील त्या रात्री सोबतीला कुणी असू द्या. नणंदच येऊन राहिली तर फारच छान. तिला बोलवाच.

आता घराच्या कागदांबद्दल, आणि हे नीट वाचा. घर जुनं म्हणता, म्हणजे वडिलोपार्जित असणार. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा काढा. त्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते बघा. यजमानांचं नाव असेल तर वारसनोंद झालीय का? दिरांची नावं असतील तर त्यांची लेखी संमती घ्या. आज कुणी बोलणार नाही. पण दारात गाड्या लागू लागल्या, चार पैसे येताना दिसले की मुंबईहून फोन येतो, "वहिनी, आमचाही वाटा आहे हो." असे फोन आल्याची पत्रं मला नेहमी येतात. घराच्या भिंतीपेक्षा भाऊबंदकी आधी तडकते. कागद आधी करा.

पर्यटन संचालनालयाकडे निवास-न्याहारीची नोंदणी होते, तिची चौकशी करा. वीजबिल घरगुतीच राहील का, हे महावितरणला विचारून घ्या. ग्रामपंचायतीला कळवा, पोलीस ठाण्यात एकदा जाऊन सांगून या. प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र बघून नोंदवहीत नाव लिहा. परदेशी पाहुणा आला तर त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन सरकारला द्यावी लागते. ही नोंद चुकवू नका. जेवण द्यायचं ठरवलंत तर एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याची, साधी नोंदणी करून घ्या. पण पहिल्या मोसमात फक्त न्याहारी द्या, असं सांगेन. दोन वेळचं जेवण म्हटलं की मासे हवेत, शाकाहारी हवं, कांदा-लसूण नको, रात्री दहाला येतो. तुम्ही थकून जाल. जेवणासाठी गावातल्या एखाद्या बाईशी ठरवा. तिलाही चार पैसे मिळतील.

आमच्या वाईच्या घरातली खालची खोली आम्ही तीन वर्षं अशी दिली होती. पहिल्याच पाहुण्याने लिहिलं, "घर छान, माणसं छान, पण रात्री दिवा कुठून लावायचा ते कळलं नाही." आम्ही दोघं त्या खोलीत जाऊन उभे राहिलो. जुनी काळी पाटी, तिच्यावर सात बटणं. तिसरं पंख्याचं, पाचवं मोरीतल्या दिव्याचं, दुसरं कशाचंच नाही, आणि गीझरचं बटण बाहेर बोळात. आमचा हात तीस वर्षं अंधारातसुद्धा बरोबर जायचा. नव्या माणसाने काय करावं? त्या रात्री मी पांढऱ्या चिकटपट्टीचे तुकडे कापून प्रत्येक बटणाखाली नाव लिहिलं. त्यानंतर पाहुणा यायचा असला की मी पाहुण्यासारखी दारातून आत जायची. उंबरा कुठे लागतो, ओली मोरी कुठे निसरडी आहे, चप्पल कुठे काढायची, सगळं नवीन दिसायला लागलं.

वाईट अनुभवही आला. चौघांचं बुकिंग, आले नऊ जण. रात्रभर मोठ्याने गाणी, सकाळी टाकीत थेंब नाही, एका खुर्चीचा पाय निखळलेला. संकोचाने रात्री आम्ही काही बोललो नाही. तक्रार केली तेव्हा त्या कंपनीने आधीचे आणि नंतरचे फोटो मागितले. आधीचे आमच्याकडे नव्हते. हाती काही आलं नाही. चूक आमचीही होती. तुम्ही पाहुणा येण्याआधी फोनवर खोलीचे फोटो काढून ठेवा, दर वेळी. माणसं जास्त आली तर दारातच, हसून, पण स्पष्ट सांगा आणि तेव्हाच अ‍ॅपवर लिहून कळवा. एअरबीएनबीत नुकसानीचा दावा पाहुणा गेल्यापासून १४ दिवसांच्या आत करावा लागतो.

पैसे अ‍ॅपवरूनच घ्या. "काकू, अ‍ॅप कशाला, मी थेट पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा" असं कुणी म्हणालं की फोन ठेवून द्या. पैसे घ्यायला कधीही यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही. पिन फक्त द्यायला लागतो. हाताने चूक झालीच तर वेळ न घालवता १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर, फोन करा.

मिळकतीचं फार मोठं गणित मांडू नका. तुमच्याकडे खरा मोसम दिवाळी ते मे. पावसाळ्यात येणारे थोडे. तेव्हा घरखर्च पेन्शनवर चालवा आणि खोलीचे पैसे घराच्या डागडुजीला ठेवा. कर्ज काढून एसी बसवू नका. चांगली गादी, स्वच्छ मोरी, इन्व्हर्टर, मच्छरदाणी एवढ्यावर सुरुवात होते. येतील ते पैसे विवरणपत्रात दाखवा. आणि कॅलेंडरवर सगळ्यात आधी गणपतीचे आणि शिमग्याचे दिवस बंद करा. पालखी घरी यायची त्या दिवशी पडवीत परका माणूस बॅग भरत बसलेला तुम्हाला चालणार नाही. कितीही भाडं मिळालं तरी नाही.

मुलाला हे पत्र वाचायला द्या. तो म्हणतो त्यातलं एक आपण करतो आहोत, दोन करत नाही, असं सरळ सांगा. अ‍ॅपवर फोटो टाकणं, उत्तरं देणं, तारखा सांभाळणं हे काम पुण्यात बसून त्याला करता येईल. ते त्याच्याकडे सोपवा. त्याला आईची काळजी आहे, म्हणून तो एवढं सुचवतोय. त्या काळजीला काम मिळालं की तोही निवांत होईल.

पहिलं बुकिंग घेण्याआधी एक करा. संध्याकाळी पिशवीत दोन कपडे, टॉवेल आणि पाण्याची बाटली घ्या, आपल्या घराला कुलूप लावल्यासारखं माजघराचं दार लावा, आणि त्या पडवीकडच्या खोलीत एक रात्र स्वतः झोपा. उशाशी हात लांबवून दिव्याचं बटण सापडतं का बघा. रात्री मोरीत जायला किती पावलं अंधार आहे ते मोजा. पहाटे नळाला पाणी किती वाजता येतं, आगरातला कुठला आवाज दचकवतो, डास कुठून येतात, सगळं सकाळी वहीत लिहा. ती यादी मला पाठवा. मग पुढचं बोलू.